नानाजीचा लाल डबा

उमेदवार क्रमांक १४. नाव मंगली बिरजू पोटावी. स्त्री. वय अंदाजे सेहेचाळीस (पुरावा : रेशनकार्ड, रेशनकार्डावरील वयाचा पुरावा : उमेदवाराचे तोंडी कथन). राहणार हिरडाटोला, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. शिक्षण तिसरी. भाषा गोंडी व मराठी, दोन्ही एकमेकींत मिसळून. एकूण बुद्ध्यांक ७१, वर्ग 'सीमारेषेवरील'. निगमनात्मक तर्क आढळला नाही. वर्गीकरण मूर्त पातळीवर. प्रवाही बुद्धी मर्यादित. वर्तन सहकार्याचे, मात्र परीक्षकास उलट प्रश्न विचारते. शिफारस : 'निसर्गवाट मार्गदर्शक' या पदासाठी अयोग्य. इतरांच्या देखरेखीखाली ठरावीक व साधी कामे देता येतील.

हा अहवाल लिहिणारा अल्ताफ शेख हा मुळीच वाईट माणूस नव्हता. चंद्रपूरचा. वडिलांचं शिलाईचं दुकान, म्हणजे माणसांची मापं घेण्याचं काम घरात चालतच आलेलं. अल्ताफने फक्त टेप बदलली. त्याने मानसशास्त्रात एम.ए. केलं, दोन वर्षं घरी बसून काढली आणि मग कंत्राटावर बुद्ध्यांक मोजायला लागला. मोटरसायकलच्या मागे एक काळी पेटी बांधलेली असे. तिच्यात लाल-पांढरे ठोकळे, चित्रांची कार्डं, एक स्टॉपवॉच आणि प्रश्नांची पुस्तिका. पुस्तिकेच्या बाहेर एक शब्दही बोलायचा नाही, असं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं.

त्याला हिरडाटोल्यात पाठवलं होतं 'वनानंद' नावाच्या संस्थेने. संस्थेला शहरातल्या पाहुण्यांना इथल्या जंगलातून पायी हिंडवायचं होतं. जंगल ग्रामसभेच्या ताब्यातलं. ग्रामसभेने तीन बैठका घेऊन सगळ्यांच्या संमतीने होकार दिला आणि एक अट घातली : वाट दाखवणारी माणसं गावचीच पाहिजेत. संस्थेने अट मान्य करून आपली एक जोडली. माणसं गावचीच, पण बुद्ध्यांक पंच्याऐंशीच्या वर. पाहुण्यांच्या सुरक्षेचा प्रश्न होता. जागा पाच, उमेदवार चौदा.

मंगलीला ती जागा हवी होती, कारण तिला मिरचीला जायचं नव्हतं.

मिरचीला जाणं म्हणजे माघात मुकादमाच्या गाडीत बसून तेलंगणात जायचं आणि मिरची तोडून चैतात परत यायचं. राहायला शेताच्या कडेला प्लास्टिकची झोपडी, मजुरी बहुतेक वेळा मिरचीच्याच रूपात, आणि हातांची आग अशी की रात्री डोळ्यांत काही गेलं तरी चोळायची सोय नाही. नवरा बिरजू काविळीने गेल्यापासून मंगली सहा वर्षं जात होती. तिची तक्रार हातांबद्दल नव्हती. घरी सासरा होता, झिंगू, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मागच्या वर्षी ती तिकडे असताना तो बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर घसरून पडला आणि दोन रात्री दुसऱ्याच्या पडवीत पडून राहिला. तिला हे नवव्या दिवशी कळलं. फोनवर झिंगू म्हणाला होता, "काई नाई झालं, तू मिरची तोड." यंदा ती त्याला एकट्याला सोडून जाणार नव्हती. पण घरी बसली तर खायचं काय, हा प्रश्न उरत होता, आणि त्याचं एकच उत्तर गावात मोटरसायकलवरून आलं होतं. त्या उत्तराच्या मागे काळी पेटी बांधलेली होती.

चाचणी समाजमंदिरात झाली. एकेकाला आत बोलवायचं, बाकीच्यांनी बाहेर सागाखाली बसायचं.

"सगळे लाल डबे जड असतात," अल्ताफने पुस्तिकेतून वाचलं. "नानाजीकडे लाल डबा आहे. तर नानाजीचा डबा जड की हलका?"

"कोन नानाजी?" मंगलीने विचारलं. "वरच्या टोल्यावरचा?"

"कोणताही नानाजी, बाई."

"त्याच्याकडे डबा कुठून आला? त्याच्याकडे पिशवी राह्यते."

"समजा, आहे."

"राहू द्या मंग. मी काई उचलून नाई पाह्यला."

"उचलायचा नाही, बाई. मी सांगून राह्यलो ना, सगळे लाल डबे जड असतात."

"तुमी उचलले काय सगळे?"

पुस्तिकेत या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं. अल्ताफने शून्य लिहिलं आणि पान उलटलं.

"समुद्रातले सगळे मासे खारट असतात. माझ्या ताटात समुद्रातला मासा आहे. तो कसा लागेल?"

"तुमच्या ताटातलं तुमीच सांगान."

पुढचा विभाग वर्गीकरणाचा. मूळ चाचणीत सफरचंद, संत्रं, पेरू आणि बस अशी चार कार्डं होती. पण चाचणी सगळ्या संस्कृतींना न्याय देणारी असावी म्हणून संस्थेने तिचं स्थानिकीकरण करून घेतलं होतं. पुण्यातल्या कोणीतरी इंटरनेटवर पाहून नवी कार्डं काढली : मोह, चार (म्हणजे चारोळीचं फळ), तेंदू आणि अस्वल. यातलं न बसणारं एक बाजूला काढायचं. उत्तर अस्वल.

मंगलीने चारही कार्डं जमिनीवर मांडली आणि बराच वेळ पाहिली.

"यातलं काई नाई निघत," ती म्हणाली.

"एक काढावंच लागते, बाई."

"काढाचंच असन तं मोह काढा. मोहाचं फूल वेचतो आपन, चाराचं न् तेंदूचं फळ. मोह चैतात सरते, हे दोघं मागून पिकते."

"आणि अस्वल?"

"अस्वल कसं काढान, भाऊ? तिघाईले खाणारं तेच तं आहे. ते काढलं तं हे तिघं एका जागी बसले कायले?"

अल्ताफला एम.ए.ला शिकवलं होतं की वस्तूंमधलं नातं पाहणं ही मूर्त विचारांची पायरी आणि वस्तूंचा वर्ग पाहणं ही अमूर्त विचारांची. बाईने एका दमात दोन्ही सांगितलं होतं. दोन उत्तरांसाठी पुस्तिकेत रकाना नव्हता. शून्य.

मग चित्रपूर्ती. बैलगाडीचं चित्र, त्यात काय राहून गेलंय ते वीस सेकंदांत सांगायचं. उत्तर होतं : चाकाचा एक आरा. मंगली म्हणाली की बैल जुवाला बांधलेलेच नाहीत, गाडी इथेच राहील आणि बैल घरी जातील. चित्रकार बैल जुंपायला खरंच विसरला होता. हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळेजण आरे मोजत होते.

चाचणी संपली तेव्हा चार वाजले होते. मंगली चौदातली शेवटची. समाजमंदिराला कुलूप लावून अल्ताफ तिच्या अंगणात चहाला बसला, आणि पुस्तिका पेटीत बंद असल्यामुळे बोलू लागला.

"काय निघालं माझं?" मंगलीने विचारलं.

"अजून बेरीज व्हायची आहे," अल्ताफ म्हणाला. बेरीज झालेली होती. मग बरं वाटेना म्हणून त्याने बुद्धीचे प्रकार सांगायला घेतले. एक असते प्रवाही बुद्धी, नवं कोडं समोर आलं की चालते ती. दुसरी साठीव, आयुष्यभर शिकून जमा झालेली.

"म्हंजे मोहासारखं," मंगली म्हणाली. "एक गाळलेला, एक वाळवलेला."

हे वाक्य अल्ताफने अहवालात घेतलं नाही.

"बाई, तो लाल डबा," शेवटी न राहवून तो म्हणाला. "तुम्ही जड का नाही म्हटलं? सोपं होतं ना."

मंगलीने ओसरीवर बसलेल्या झिंगूकडे पाहिलं. "मामाजी, सांगा याईले."

झिंगूने सांगितलं. मोहाच्या दिवसांत पहाटे टोपल्या घेऊन सगळे रांगेने निघतात. पुढे चालणाऱ्या माणसाचं काम एकच : झाडाखाली काय आहे ते पाहून मागच्यांना सांगायचं. दिसलं तर दिसलं, नाही दिसलं तर नाही दिसलं. अंदाज सांगायचा नाही. कारण मोह अस्वलालाही आवडतो आणि तेही पहाटेच येतं. पुढच्याने काही न पाहता 'काई नाई, चाला' म्हटलं, तर मागचे डोळे मिटून चालतात.

"एका साली पुढं मी होतो," झिंगू म्हणाला. "काल या झाडाखाली काई नोतं, परवा नोतं. म्हटलं आजही नाई. चाला. हिच्या सासूच्या खांद्यावर अस्वलाची पाच बोटं होती, मरेपर्यंत. मले कधी बोलली नाई ती. तवापासून मी अंदाजच सांगत नाई. पाण्याचाही नाई."

मागची तीस वर्षं रांगेच्या पुढे मंगली असते; अलीकडे मिरचीहून परतली की लगेच.

चहा संपवून अल्ताफने पुस्तिकेच्या पहिल्या पानाविरुद्ध जाऊन समजावलं की चाचणीत समोरचा सांगेल ते खरं धरून चालायचं असतं. खरंच तसं आहे का, हे विचारायचं नसतं.

"काईच्या काई असलं तरी?"

"काईच्या काई असलं तरी."

"मंग ते गोष्ट झाली," मंगली म्हणाली. "असं आधी सांगा ना, भाऊ. गोष्टीत राक्षस सात डोंगरापल्याड राह्यते म्हटलं तं मी त्याचा पत्ता नाई मागत. जड आहे तुमच्या नानाजीचा डबा. मासाही खारट."

अल्ताफने आणखी तीन कोडी घातली. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारता सारता तिन्ही सोडवली. चौथं त्याने मुद्दाम अवघड घातलं. "सगळे चाचणीवाले गाडीवर येतात. उद्या एक माणूस गाडीवर आला. तर तो कोण?"

"कोन म्हंजे? कोनीही. मिरचीचा मुकादमही गाडीवरच येते."

या प्रकारच्या प्रश्नाला अल्ताफ स्वतः एम.ए.च्या पहिल्या वर्षी चुकला होता. त्याने मनातल्या मनात गुण जुळवून पाहिले. आकडा शंभराच्या वर जात होता. पण एकदा चाचणी दिली की सहा महिने दुसरी घेता येत नाही; घेतली तर वाढलेले गुण बुद्धीचे नसून सरावाचे धरले जातात. निवड तीन आठवड्यांवर होती. त्याने संस्थेला फोन करून विचारलं. संस्थेने सांगितलं की चाचणीचं शास्त्र त्यालाच जास्त कळतं, तेव्हा त्याने शास्त्राप्रमाणे करावं. त्याने शास्त्राप्रमाणे एकाहत्तर लिहिलं. 'उणिवा' या रकान्यात लिहिलं, 'उमेदवार न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कोणताही निष्कर्ष काढत नाही, वारंवार सांगूनही.'

पाच जण निवडले गेले. पहिला आला प्रणित कोवे, एकशे अठरा. प्रणित बी.ए. झालेला, सात वर्षं पोलीसभरतीची तयारी केलेला. भरती झाली नाही, तयारी मात्र झाली. तर्कशक्तीची अशी कोणतीही मार्गदर्शिका नव्हती की जिच्यातल्या प्रश्नाचं उत्तर त्याला दहा सेकंदांत देता येत नव्हतं. पोरगा मनाने चांगला. निकाल लागल्यावर तो मंगलीच्या घरी आला आणि म्हणाला, "काकी, तुले लागाले पाह्यजे होतं."

"तुले लागलं ना. बस."

"मिरचीले जाशीन का मंग?"

मंगलीने सासऱ्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलायची तिला सवय नव्हती.

पुसात, म्हणजे पौषात, वाटेवरची पहिली फेरी ठरली. नागपूरहून संस्थेच्या प्रकल्प अधिकारी रीता मॅडम आल्या. पाहुण्यांना जसं नेणार तसंच त्यांना न्यायचं, असा कार्यक्रम होता. पुढे प्रणित, मध्ये मॅडम, मागे बाकीचे चार मार्गदर्शक. सगळ्यांत मागे मंगली. तिला त्या दिवसापुरतं बोलावलं होतं. अहवालाच्या शिफारशीनुसार तिच्याकडे ठरावीक व साधं काम दिलं होतं : डोक्यावर पाण्याचा कॅन आणि काखेत मॅडमची घडीची खुर्ची.

नाल्याच्या अलीकडे बांबूची दाट रांजी, म्हणजे बेट, आहे आणि वाट तिला वळसा घालून जाते. पलीकडचं काही दिसत नाही. प्रणित वळणार तेवढ्यात मागून कॅन जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मंगली खाली बसली होती. पाणी आणि खुर्ची तिच्यापाशी असल्यामुळे सगळेच थांबले.

"काकी, चाल ना," प्रणित म्हणाला.

"पाह्यलं काय तू तिकडं?"

"त्यात पाहाचं काय? हे बघ. वाघ फिरते सकाळी नाईतं संध्याकाळी. आता वाजले बारा. म्हणून आता वाघ नाई. रस्ता एकदम सेफ आहे, मॅडम."

"पाह्यलं काय?"

"नाई, पण—"

"मंग बसा घडीभर."

एवढं बोलून ती काठी घेऊन उलट्या बाजूने नाल्यात उतरली. असं वळण समोरून पाहत नाहीत. वारा अंगावर घेत, खालून वर चढत पाहतात, आणि त्याला वीस मिनिटं लागतात. मॅडम खुर्चीवर बसल्या. फोनला रेंज नव्हती. पिशवीत वाचण्यासारखं फक्त पाहुण्यांच्या विम्याचं कागदपत्र होतं, ज्यावर त्यांनी महिन्यापूर्वी सही केली होती. दुसरा इलाज नसल्यामुळे त्यांनी ते वाचलं.

मंगली बांबूच्या पलीकडून वर आली. "नाई आहे काई. चाला."

"मग एवढं थांबलो कशाला आपण?" मॅडमनी विचारलं. "काहीच नव्हतं ना तिथे?"

"नोतं हे आता मालूम झालं, बाई. मंघा नोतं मालूम."

प्रणितचं अनुमान बरोबर निघालं होतं. हे इथे नमूद करायला हवं, कारण नंतर कोणीच केलं नाही.

"प्रणित," मॅडम म्हणाल्या, "तू मघाशी काय म्हणालास? जसंच्या तसं सांग."

प्रणितने वाघ, सकाळ, संध्याकाळ आणि बारा वाजले हे सगळं क्रमाने पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं कौतुक होणार. मॅडमनी कागद त्याच्यापुढे धरला. कलम चौदा : वाटेचा पुढील भाग मार्गदर्शकाने प्रत्यक्ष पाहिलेला नसताना, केवळ अंदाजाने वा पूर्वानुभवाने तो सुरक्षित असल्याचे पाहुण्यांना सांगितल्यास विमा लागू राहणार नाही.

प्रणितने ते एकदाच वाचलं. "म्हंजे मॅडम, मी सेफ म्हटलं म्हणून सेफ नाई."

"तसंच."

"हे बरोबर काढलं ना मी?"

"हेही बरोबर काढलंस. तोच तर घोळ आहे."

पुढचे चार दिवस पाचही मार्गदर्शकांना न पाहिलेल्या गोष्टीबद्दल न बोलण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं. दोघांना थोडंफार जमलं. प्रणितला वळण दिसलं की उत्तर सुचत असे आणि सुचलं की तोंडाबाहेर येत असे. सात वर्षांचा सराव होता. "काकी, मी गप राह्यतो पण मले आतून मालूम राह्यते," तो म्हणाला. मंगली म्हणाली, "आतून मालूम असलं तं आतच ठेव." पण विमा आत काय ठेवलंय यावर चालत नव्हता. मॅडमना हमी हवी होती.

मंगलीला मार्गदर्शक करणं हा सरळ मार्ग होता. तो पंच्याऐंशीच्या अटीने बंद होता, आणि ती अट मॅडमनीच लिहिली होती. संस्थेच्या पद्धतीनुसार लिहिलेली अट बदलण्यापेक्षा नवं पद निर्माण करणं सोपं पडतं. तसं ते करण्यात आलं. पदाचं नाव 'पूर्वपडताळणी सहायक (अकुशल)'. काम वर्षभर, पाहुणे असोत वा नसोत, कारण वाट रोज पाहावी लागणार. पात्रतेची अट एक : उमेदवार प्रत्यक्ष न पाहता निष्कर्ष काढत नसल्याबद्दल तज्ज्ञाचं प्रमाणपत्र.

मॅडमनी अल्ताफला फोन लावला. तो तेव्हा दुसऱ्या एका गावात कोणाला तरी लाल डबा विचारत होता.

"असं प्रमाणपत्र देता येईल का?" त्यांनी विचारलं. "शास्त्रात बसतं का? पुन्हा चाचणी घ्यावी लागेल का?"

"चाचणी नको, मॅडम," अल्ताफ म्हणाला. "झालेली आहे."

दुपारी सावलीत बसून त्याने मोबाईलवर जुना अहवाल उघडला. नवं काही लिहावं लागलं नाही. 'उणिवा' या रकान्यातलं वाक्य उचलून त्याने 'पात्रता' या रकान्यात ठेवलं. 'वारंवार सांगूनही' हे शब्द काढावेत की काय याचा थोडा विचार केला आणि राहू दिले. ते उलट बळकटी देत होते. बुद्ध्यांक एकाहत्तर तसाच राहिला. त्याला हात लावणं शास्त्रात बसत नव्हतं.

नेमणुकीचा कागद घेऊन प्रणित आला. झिंगूला वाचता येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं, तरी त्याने कागद हातात घेतला.

"पक्कं आहे काय हे?" त्याने विचारलं.

"पक्कं आहे, आजा. सही आहे, शिक्का आहे," प्रणित म्हणाला. "मी पाह्यलं."

"तू पाह्यलं ना? बस मंग."

"यात अकुशल काऊन लिवलं?" मंगलीने विचारलं.

"तसं लिवा लागते, काकी. कुशल लिवलं तं पंच्याऐंशी पाह्यजे."

तिने मान हलवली. याच्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. कागद तिने पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि झिंगूला म्हणाली की आता दुपारी घरी येऊन गरम भात मांडता येईल.

वाट सुरू झाली. पाहुण्यांच्या माहितीपत्रकात पाचही मार्गदर्शकांचे फोटो आहेत, प्रणितच्या फोटोखाली 'तर्कशक्तीत प्रथम' असं छापलंय. सहायकाचा फोटो नाही. ती माहितीपत्रकात येत नाही, वळणावर येते. बांबूच्या रांजीपाशी पाचांपैकी जो कोणी पुढे असेल तो हात वर करून पाहुण्यांना थांबवतो आणि सहा वर्षांच्या मुलापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत सगळे जण वीस मिनिटं दगडांवर बसून राहतात. पाहुणे विचारतात, पलीकडे काय आहे? प्रणित ओठ घट्ट मिटून घेतो.

माघाच्या दुसऱ्या आठवड्यात मिरचीच्या मुकादमाची गाडी हिरडाटोल्यात आली. सतरा बायका बसल्या. मंगली कामावर होती.